श्रीरंगरावांची सुधारणा

श्रीरंगरावांनी सुधारायचं ठरवलं त्याला त्या रविवारी एकोणीस दिवस झाले होते, आणि ही बातमी घरात अजून कोणाच्याही कानावर गेली नव्हती.

वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी माणूस उगाच सुधारत नाही. त्याला कारण लागतं, आणि हे कारण अकरा वर्षांचं होतं. अनुष्का. तिची आई प्रणोती, म्हणजे श्रीरंगरावांची सून, हिला बँकेत बढती मिळाली होती. जबलपूरच्या सिव्हिल लाइन्स शाखेतून थेट दूर कुंडम गावाला, शाखेची प्रमुख म्हणून. याआधी दोनदा तिनं बढती नाकारली होती. एकदा पोर लहान म्हणून आणि एकदा सासूच्या गुडघ्याचं ऑपरेशन म्हणून. आता तिसऱ्यांदा नाकारली तर पुन्हा कोणी विचारणार नव्हतं. पण कुंडमला जायचं म्हणजे सोमवार ते शनिवार तिथंच राहायचं. तिचा नवरा स्वप्निल कंपनीच्या कामावर महिन्यातले वीस दिवस गुजरातेत. मग अनुष्का दोन वर्षं राहणार कुठं? एक तर रांझीला आजी-आजोबांकडे, नाही तर नागपूरला वीणामावशीकडे. नागपूरच्या शाळेचा अर्ज भरायची शेवटची तारीख सोमवार. तेव्हा रविवारी सगळ्यांनी रांझीला जेवायला जमायचं आणि काय ते ठरवूनच उठायचं, असं ठरलं.

श्रीरंगरावांना नात हवी होती. इतकी हवी होती, की मधल्या खोलीत खिडकीशी तिचं टेबल कुठं बसेल हे त्यांनी पट्टीनं मोजूनही ठेवलं होतं, मिलीमीटरमध्ये.

अडचण एकच होती, आणि ती म्हणजे श्रीरंगराव.

अडतीस वर्षं त्यांनी फॅक्टरीत इन्स्पेक्शनला काढली. तयार झालेला माल टेबलावर यायचा, ते मापून बघायचे आणि खडूनं खूण करायचे. पांढरी खूण म्हणजे पास, लाल फुली म्हणजे परत. नोकरीतून माणूस निवृत्त होतो, नजर होत नाही. बायकोच्या, म्हणजे बेबीताईंच्या पोळ्या, भिंतीवरचं कॅलेंडर, शेजाऱ्याच्या गेटची बिजागरी, टीव्हीवर बातम्या देणाऱ्या मुलीच्या टिकलीची जागा. जगात सरळ असं फार थोडं आहे, हे त्यांना निवृत्तीनंतर कळलं, आणि ते त्यांनी कोणापासून लपवून ठेवलं नाही.

गंमत म्हणजे गल्लीतल्या पोरांसाठी हाच माणूस म्हणजे मायेचा समुद्र होता. रोज संध्याकाळी पाचला व्हरांड्यात सात-आठ पोरं जमायची. एकच अपूर्णांक श्रीरंगराव सात तऱ्हांनी समजावायचे, पोळी कापून, दोरी कापून, एकदा तर अख्खं कलिंगड कापून. "नहीं आया? कोई बात नहीं बेटा, फिर से." हे 'कोई बात नहीं' अनुष्काच्या वाट्याला मात्र कधी आलं नव्हतं.

मागच्या वर्षीचं पवनचक्कीचं प्रकरण घरात सगळ्यांना पाठ होतं. अनुष्कानं शाळेसाठी पुठ्ठ्याची पवनचक्की केली होती, जरा वाकडी. दुपारी ती झोपली असताना आजोबांनी ती 'थोडी नीट' केली. म्हणजे पाती नवी, खांब नवा, तळाचा ठोकळा नवा. जुनं फक्त वर लिहिलेलं नाव राहिलं. पवनचक्कीला पहिलं बक्षीस मिळालं. अनुष्का ते बक्षीस शाळेच्या बाकाखाली सोडून घरी आली, आणि तेव्हापासून तिनं आजोबांना साधी चित्रकलेची वहीसुद्धा दाखवली नव्हती.

म्हणून सुधारणा. तीही शास्त्रशुद्ध. सदऱ्याच्या खिशात एक छोटी डबी, डबीत लवंगा. चूक दिसली की बोलायचं नाही, लवंग तोंडात टाकायची. रोज किती लागल्या ते वहीत लिहायचं. पहिल्या दिवशी एकतीस. काल शनिवारी चौदा. प्रगती डोळ्यांना दिसत होती. निदान वहीत तरी.

पहिला आला बंडू, श्रीरंगरावांचा धाकटा भाऊ, रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेला. हातात खव्याच्या जिलेबीचा पुडा, आणि स्कूटर गेटसमोर अशी तिरपी लावलेली, की पोस्टमनलाही अंग चोरून यावं लागेल.

श्रीरंगरावांनी स्कूटरकडे पाहिलं. लवंग.

बंडू वाट बघत थांबला. काहीच आलं नाही तेव्हा तो घाबरला. "दादा, काहून रे? तब्येत ठीक आहे न?"

"उत्तम."

"मग स्कूटर?"

"छान आहे."

बंडू थेट स्वयंपाकघरात गेला. "वहिनी, दादाचं बीपी चेक केलं का?"

बेबीताई पाटोडीचा रस्सा ढवळत होत्या. "आठवडा झाला, असेच करून राहिले. काल पोळी करपली माझी, तर म्हणतात, 'वा!' मी रात्रभर झोपली नाही."

तेवढ्यात स्वप्निल, प्रणोती आणि अनुष्का आले. अनुष्काच्या हातात मोठं खोकं होतं, चादरीनं झाकलेलं. तिनं ते आजोबांकडे पाठ करून, खेकड्यासारखं आडवं चालत मधल्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. श्रीरंगरावांनी मुद्दाम छताकडे पाहिलं. छताला पंख्यापाशी एक चीर होती. लवंग.

जेवणाला बसेपर्यंत सहा लवंगा झाल्या. कोशिंबिरीतल्या काकडीचे तुकडे एकसारखे नव्हते, सात. स्वप्निल जेवताना फोन बघत होता, आठ. आणि बंडूनं, "जबलपुरातून नागपूरला आजकाल चार तासांत पोचते माणूस," असं छातीठोक सांगितलं तेव्हा एकदम दोन.

अनुष्का आपलं ताट घेऊन मधल्या खोलीतच बसली होती. प्रणोती सगळं बघत होती. तिच्या नजरेत संशय होता, पण त्यात थोडी आशाही होती. "बाबा," ती म्हणाली, "अनुष्काचं मी तुम्हाला सरळच सांगते. ती हुशार आहे, पण तिला उशीर लागतो. मला भीती अभ्यासाची नाही. ती काही करेनाशी होईल याची आहे. मागच्या वर्षीपासून ती माझ्यासमोरसुद्धा खोडरबर घेऊन बसते. लिहायच्या आधी!"

"अगं, बाबा बदललेत," स्वप्निल म्हणाला. "तू बघून राहिली ना? मघापासून एक शब्द नाही."

"तेच तर! काय झालंय त्यांना?"

"मी म्हणतो पोरगी इथंच राहावी," बंडूनं पाटोडीचा तुकडा उचलत निकाल दिला. "आपलं घर सोडून नागपूर कशाला? मी आहे न रोज यायला!"

आता आपण काही बोललं पाहिजे, असं श्रीरंगरावांना वाटलं. साधंच बोलायचं होतं: 'ती राहिली तर मला बरं वाटेल.' पण दहा लवंगांनी जीभ अशी बधिर झाली होती, की ती तोंडात दुसऱ्या कोणाची तरी ठेवल्यासारखी वाटत होती.

"थी लाहिली तल मला बलं—"

सगळी पंगत थांबली. बंडूच्या हातातला घास पडला.

"लकवा!" बंडू ओरडला. "स्वप्निल, गाडी काढ! दादा, हात वर कर! दोन्ही!"

श्रीरंगरावांनी दोन्ही हात वर केले. बेबीताई धावत आल्या, त्यांनी नवऱ्याच्या तोंडाजवळ नाक नेलं आणि तिथंच थबकल्या.

"लवंग?"

अपराधी मुद्रेनं श्रीरंगरावांनी डबी काढून पानाशेजारी ठेवली. तळाला एकच लवंग उरली होती.

"म्हणजे माझी बरणी तुम्ही रिकामी केली?" बेबीताईंचा आवाज चढला. "आणि मी त्या बिचाऱ्या भांडेवालीला बोलली! तीन दिवस ती माझ्याशी धड बोलून नाही राहिली!"

मग सगळं बाहेर आलं. वहीसुद्धा. बंडूनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. 'बुधवार. बावीस. पैकी बंडूच्या सात.' स्वप्निल हसता हसता ठसकला. प्रणोतीनं पाण्याचा पेला पुढे केला, पण स्वप्निलला नाही, सासऱ्यांना.

"एकोणीस दिवस, बाबा?"

त्यांनी मान हलवली.

"चलो," स्वप्निल म्हणाला, "मग ठरलं तर. अनुष्का इथंच."

प्रणोतीनं नाही म्हटलं नाही. हो म्हणायला तिनं तोंड उघडलंही असावं. आणि इथंच, सगळं सुरळीत चाललेलं पाहून बंडूला उत्साह आला. तो उठला, मधल्या खोलीत गेला आणि "अरे, पोरीनं काय बनवलं ते तर पाहा!" म्हणत त्यानं चादरीचं ते खोकं उचलून सगळ्यांसमोर टेबलावर ठेवलं. मागून अनुष्का, "बंडूकाका, नहीं! मत लाओ ना!" करत धावत आली, पण तोवर चादर निघाली होती.

ती नर्मदा होती. बुटांच्या डब्यांचे पुठ्ठे कापून केलेली लांब पन्हळ, वरून खाली उतरत गेलेली. बरगी, ग्वारीघाट, तिलवारा, अशा चिठ्ठ्या चिकटवलेल्या. शेवटी धुआंधार, आणि त्याच्याखाली एक स्टीलची वाटी. वरून काचेची गोटी सोडायची, ती नदीच्या वळणावळणांनी जायची आणि धबधब्यावरून वाटीत पडायची.

"अरे वा!" सगळे म्हणाले.

श्रीरंगरावही म्हणाले. मनापासून म्हणाले. पण त्याच वेळी त्यांच्या नजरेला तिलवाऱ्याचं वळण दिसलं. बाहेरची कड बुटकी होती आणि उतार तिथंच जास्त. गोटी तिथं थांबणार नाही, बाहेर जाणार. ब्रह्मदेव आला तरी जाणार. त्यांचा हात डबीकडे गेला. एक उरलेली लवंग बंडूनं मघाशी 'पाहू तरी' म्हणून खाल्ली होती. हात तसाच खिशात गेला. खिशात व्हरांड्यातल्या शिकवणीचा खडू होता.

लाल.

पुढचं त्यांनी केलं असं म्हणणं तितकंसं खरं नाही. अडतीस वर्षांनी केलं. हात परत आला तेव्हा तिलवाऱ्यावर ठसठशीत लाल फुली होती.

स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता, आणि त्या क्षणीही श्रीरंगरावांच्या मनात आलं, की त्याचा वॉशर बदलायला हवा. स्वतःची त्यांना किळस आली.

प्रणोती उठली. आवाज चढवला नाही तिनं, हेच वाईट होतं. "मी नाहीच जात कुंडमला," ती म्हणाली. "इथं नको, आणि नागपूरला पाठवलं तर महिन्यातून एकदा दिसेल. नको मला ती बढती."

"प्रणोती, अगं एक फुली—" बेबीताई म्हणाल्या.

"आई, एक फुली नाही ती." हे स्वप्निल बोलला, मान खाली घालून. इतका वेळ तो वडिलांच्या बाजूनं होता. "मी चाळीस वर्षांचा झालो. कंपनीत माझ्या हाताखाली साठ माणसं आहेत. आणि अजून बाबांसमोर मी भिंतीत खिळा ठोकत नाही. ते बाजारात जाईपर्यंत थांबतो."

"मी तर आधीपासूनच म्हणत होतो," बंडू म्हणाला. पाचच मिनिटांपूर्वी तो नेमकं उलटं म्हणत होता, याची त्याला कोणी आठवण दिली नाही. देणारा एकच माणूस होता, आणि तो आज गप्प होता.

बेबीताईंनी नवऱ्याच्या खांद्याला बोट लावलं. "अहो. बोला न काही."

जीभ आता जागी होत होती, मुंग्या येत होत्या. श्रीरंगराव हळूहळू बोलले, एकेक शब्द तपासून, कारण आता घाई करून उपयोग नव्हता.

"प्रणोती, बढती सोडू नको. दोनदा सोडली, ती आमच्यापायी. आता नाही. अनुष्काला वीणाकडे पाठव. तिथं ती मोकळी राहील."

प्रणोतीनं वळून पाहिलं.

"मी सुधारलो नाही," ते म्हणाले. "मला वाटलं होतं सुधारलो. पण लवंगांनी चुका दिसायच्या बंद नाही झाल्या, नुसती जीभ बधिर झाली. ती गल्लीतली पोरं आहेत न, त्यांचं गणित चुकलं तर त्यांचं चुकते. मला काही होत नाही. मी सात वेळा सांगतो. पण हिचं चुकलं की मला वाटते, माझ्याच हातचा माल परत आला. धडधड होते मला. मग मी तिला नाही बघत, चुकीलाच बघतो." ते थांबले. "लायक नाही मी. हे कोणी वहीत लिहून ठेवा."

बंडू वही उघडायला लागला. बेबीताईंनी ती हिसकावून घेतली.

इतका वेळ कोणाचं अनुष्काकडे लक्ष नव्हतं. ती टेबलाशी उभी होती. रडत नव्हती. तिलवाऱ्यावरची फुली अगदी जवळ जाऊन बघत होती.

"आजोबा," ती म्हणाली, "ये तो अभी बन रहा है."

"हो बेटा."

"बनून राहिलं आहे अजून. तुम्ही पहलेच चेक करून टाकलं."

फॅक्टरीत श्रीरंगरावांच्या टेबलावर माल यायचा तो तयार होऊनच. अर्धं झालेलं काही त्यांच्यापर्यंत कधी आलंच नव्हतं. ते दुसऱ्या शेडमध्ये व्हायचं, जिथं ठिणग्या उडायच्या, लोक एकमेकांवर ओरडायचे आणि दर दुसरा तुकडा बिघडायचा. तिकडे ते फारसे कधी गेले नव्हते. हे सगळं तिला सांगावंसं वाटलं. पण ते ऐकायला ती थांबली नव्हती.

"मुझे पता है इथूनच गिरतं," ती म्हणाली. "घरी पण इथूनच गिरत होतं. मी ते ठीक करणार होते, पण बंडूकाकांनी आणलं न बाहेर." आणि तिनं बरगीवरून गोटी सोडली.

गोटी ग्वारीघाटावरून झोकात निघाली, तिलवाऱ्याला आली, कड ओलांडून टेबलावर उडाली, टेबलावरून फरशीवर, आणि टप्पे घेत दिवाणाखाली गेली.

"आजोबा, कंचा."

खोलीत पाच मोठी माणसं होती. तिनं नाव एकाचंच घेतलं.

श्रीरंगराव उठले. एक हात भिंतीला, एक गुडघ्याला असा आधार देत ते खाली बसले, मग ओणवे झाले, मग आडवे. दिवाणाखाली जुन्या चपला होत्या, बेबीताईंचं हरवलेलं विणकाम होतं आणि धुळीत काचेची निळी गोटी होती. त्यांनी ती काढून नातीच्या हातावर ठेवली. सदरा काळा झाला होता.

अनुष्कानं कडेला आगपेटीच्या काड्या चिकटवल्या. गोटी काड्यांवरून उडाली.

"आजोबा, कंचा."

मग तिनं पुठ्ठ्याची पट्टी लावली. पट्टी झुकली. मग आजीकडून कणकेचा गोळा मागून आणला आणि त्याचा बांध घातला. गोटी कणकेत रुतून बसली, हे जरा बरं झालं, पण नदी तिथं संपली. मग कणीक कमी केली. गोटी पुन्हा उडाली. वळणच दोन बोटं रुंद करायला हवं होतं. श्रीरंगरावांना ते पहिल्या नजरेत दिसलं होतं, आता तर ते त्यांच्या घशाशी आलं होतं.

"बेटा, ते वळण जरा—"

"आजोबा!"

"नाही, मी म्हणत होतो, कंचा कोणत्या बाजूला गेला?"

अनुष्का हसली. वर्षभरात पहिल्यांदा ती त्यांच्याकडे बघून हसली होती, आणि तेही त्यांच्या लबाडीला. "उसी बाजूला. दिवाणाखाली."

पाचव्या खेपेला त्यांच्या लक्षात आलं, की दर वेळी बाहेर येऊन पुन्हा आत जाण्यापेक्षा आतच थांबणं गुडघ्यांना सोपं आहे. तिथं आणखी एक सोय होती. दिवाणाखालून नर्मदा दिसत नव्हती. दिसत होते ते फक्त अनुष्काचे पाय. गोटी सोडताना ते टाचा उचलायचे आणि गोटी पडली की खाली टेकायचे. क्षणभर तसेच राहायचे. आणि मग पुन्हा उचलले जायचे. ते पाय असे पुन्हा उचलले जातात, हे श्रीरंगरावांनी आजवर पाहिलं नव्हतं. त्यांची सगळी नजर नेहमी टेबलावर असायची.

"दादा, बाहेर ये रे, जिलेबी थंड होऊन राहिली," बंडू म्हणाला.

"तू खा."

"मी तर खाल्ली."

"मग काहून बोलावतो?"

टेबलापाशी ठकठक चालली होती. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मध्ये एकदा स्वप्निल उठून काहीतरी सांगायला गेला, तर प्रणोतीनंच त्याचा शर्ट धरून त्याला खाली बसवलं. बेबीताई सुनेशेजारच्या रिकाम्या खुर्चीवर सरकल्या आणि सुनेच्या कानात म्हणाल्या, "मला विचारशील तर, ठेवू नको म्हणेन मी. पोरीसाठी नाही, माझ्यासाठी. दोघंही असेच करतील दिवसभर." पण म्हणताना त्यांनी सुनेचा हात धरून ठेवला होता.

"मम्मी," अनुष्का नदीवरची नजर न काढता म्हणाली, "वीणामावशीकडे सोफा आहे न? तो खाली पूरा बंद है. उसके नीचे कोई जा ही नहीं सकता."

तेवढ्यात प्रणोतीचा फोन वाजला. नागपूरहून वीणा होती. अर्ज समोर घेऊन बसली होती, फक्त जन्मतारीख भरायची राहिली होती.

गोटी पुन्हा उडाली. दोन टप्पे, आणि दिवाणाखाली.

"नको गं, नको भरू," प्रणोती फोनवर म्हणाली. "नाही, इथंच राहील ती." पलीकडून बराच वेळ काहीतरी बोलणं आलं. प्रणोती ऐकत राहिली, मग तिनं कपाळाला हात लावला. "अगं, कुठले सुधारताहेत! दिवाणाखाली आहेत."

दिवाणाखालून धुळीनं माखलेला एक हात बाहेर आला, त्यात निळी गोटी होती.

"नाही, पडले नाहीत," प्रणोती म्हणाली. "काय माहीत किती वेळ. बाहेर आले की सांगते."